दुपारची जागल

त्या धुलाईघरात दुपारी अर्धा तास सगळे झोपत. लपूनछपून नव्हे, हक्काने. बॉयलर मंद केला जाई, मोठे ड्रम थांबत, चादरींवर इस्त्री फिरवणारे गरम रूळ निवायला सोडले जात आणि इस्त्रीच्या दालनामागे जी उबेची खोली होती तिथे, नुकत्याच वाळून आलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर, एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष आडवे होत. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा. कामावर झोप? हसू दे बापडा. ज्याने रुळासमोर दिवसभर उभं राहून दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी कधी ओढल्या नाहीत, त्याला हसायला काय जातंय?

हा अर्धा तास कामगार संघटनेने मिळवला होता, आणि तो काही आयता ताटात पडला नव्हता. पूर्वी विश्रांती संपली की भोंगा वाजायचा. एकदा असाच वाजला, गाढ झोपेतली एक बाई दचकून उठली, डोळे धड उघडले नव्हते तोच रुळाकडे धावली आणि तिचा हात रुळात गेला. त्यानंतर सगळे जाऊन फाटकाशी बसले, ते भोंगा बंद होईपर्यंत उठले नाहीत. शेवटी करार झाला. विश्रांतीनंतर भोंगा वाजणार नाही, कामगार आपले आपण उठतील, उठवण्याची जबाबदारी त्यांची. जुन्या मालकांनी एक ओळ मात्र हट्टाने घालून घेतली: उठवण्याची ही व्यवस्था ज्या दिवशी चुकेल, त्या दिवसापासून विश्रांती बंद.

म्हणून जागल आली. शेतात पिकावर करतात ती जागल, इथे माणसांवर. रोज एकाने आपली झोप सोडायची, दाराशी स्टुलावर बसायचं, भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवायची आणि वेळ झाली की एकेकाला हळूच उठवायचं. सुरुवातीला हे पाळीपाळीने चाले. मग कोणाचं डोकं दुखू लागलं, कोणाची पाठ धरली, "आजच्या दिवस तेवढं बघ ना काकू" असं करता करता जागल काकूच्या गळ्यात पडली ती पडलीच.

काकू घडीच्या टेबलावर होती. ती सगळ्यांचीच काकू. तिच्याहून काही महिन्यांनी थोरली असलेली आक्कासुद्धा तिला काकूच म्हणे, आणि त्यात दोघींनाही काही वावगं वाटत नसे. कोणाला कसं उठवायचं हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. ओल्या कपड्यांचे ढीग एकट्याने उचलणारा पैलवान पायाचा अंगठा धरून हलवला की तान्ह्या पोरासारखा ओठ मुडपत उठे. आक्काच्या केसांवरून हात फिरवावा लागे. बॉयलरवरचा नगारा हा संघटनेचा सेक्रेटरी. त्याचा आवाज असा, की त्याने गुपित सांगितलं तरी ते फाटकापर्यंत पोचायचं. त्याच्या कानाशी "ठराव मंजूर" एवढं पुटपुटलं की तो टुणकन उठून बसे. आणि रुळावरच्या नवीला सगळ्यांच्या आधी उठवायला लागे, कारण तिचं जागं होणं म्हणजे खोल विहिरीतून बादली वर ओढण्यासारखं होतं. ती येऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कोणाला कामावर घेतलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली. आता तर तिला दिवस भरत आले होते.

संघटनेवर काकूचं फारसं प्रेम होतं असं नाही. वर्गणी ती वेळेवर द्यायची, सभेला मागे बसायची आणि हात वर करायची वेळ आली की पदर सारखा करण्यात गुंतायची. मोठमोठ्या गोष्टींत आपण कशाला नाक खुपसा, असा तिचा खाक्या. फक्त करारातली एक गोष्ट तिच्या जिवाची होती. धुलाईघराच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या. जो सन्मानाने निवृत्त होईल, त्याला त्याची खोली मरेपर्यंत. ज्याला काढून टाकलं, त्याने महिन्याच्या आत बिऱ्हाड हलवायचं. काकूची निवृत्ती आता हाताच्या अंतरावर आली होती. खोली एवढीशी, नवऱ्याने ठोकलेली एक वाकडी फळी, एक पलंग, एक खिडकी. नवरा जाऊन बराच काळ झाला, फळी मात्र अजून वाकडीच होती आणि काकूने ती कोणाला सरळ करू दिली नव्हती. खिडकीतून चादरी वाळत घालायचं अंगण दिसे, आणि त्यापलीकडे उबेच्या खोलीची जाळीची खिडकी. म्हातारपणी या खिडकीशी बसून काही म्हणजे काहीही करायचं नाही, असं काकूने ठरवून टाकलं होतं. एवढं एकच ती स्वतःसाठी मागत होती.

मग नवे साहेब आले. तरुण, गोड बोलणारे, बुटांचा आवाज न करता चालणारे. त्यांनी येताच आणखी एका मोठ्या दवाखान्याचं काम घेतलं. चादरी दुप्पट झाल्या, माणसं तेवढीच. पाळी संपली तरी संपेना. पैलवान जेवताना बसल्या बसल्या पेंगू लागला. आक्का रुळासमोर उभी राहून कोणाशी तरी बोलायची, आणि बघावं तर समोर कोणीच नसायचं.

त्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले ते एखादी भिंत खचावी तसे. कोणी कोणाची चेष्टा केली नाही, कोणी "सरक गं" म्हणालं नाही. काकू स्टुलावर बसली. ड्रम थांबले होते, त्यांच्या पोटातलं शेवटचं पाणी कुठेतरी टपटपत होतं. जाळीतून ऊन आत आलं होतं आणि चादरींवर पडून इतकं मऊ झालं होतं की हाताने उचलून घडी घालता आली असती. कोमट कापडाचा आणि साबणाचा वास खोलीभर दाटला होता. हळूहळू सगळ्यांचे श्वास एकमेकांत मिसळले. आधी वेगवेगळे येत होते, मग एकच मोठा श्वास येऊ लागला आणि जाऊ लागला, आणि काकूला वाटलं, खोलीच झोपली आहे.

वेळ झाली. घड्याळात तिने नीट पाहिलं. ती उठली, नेहमीप्रमाणे आधी नवीकडे गेली आणि तिचा पाय हलवायला वाकली.

नवीचे पाय सुजले होते. चपलेचे पट्टे जिथे बसत तिथे खोल वळ उमटले होते, आणि त्या वळांच्या मध्ये पाय उशीसारखे फुगले होते. झोपेत तिचा एक हात पोटावर होता, दुसरा चादरीच्या काठात गुंतलेला. आतलं बाळही झोपलं असावं. काकूचा हात तिथेच थबकला.

"अजून थोडा वेळ," ती मनाशी म्हणाली. प्रत्येक आईने कधी ना कधी हे म्हटलेलं असतं, आणि पोरांची शाळा बुडवलेली असते.

ती पैलवानाकडे गेली. त्याच्या तळव्यांना पाण्याने भेगा पडल्या होत्या. आक्काचं तोंड उघडं होतं आणि चेहऱ्यावरची वर्षं कुठेतरी ओघळून गेली होती. ती दोन वेण्या घालणारी मुलगी दिसत होती. नगारा कुशीवर वळून दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपला होता. हा माणूस मालकांना घाम फोडतो? काकूला हसू आलं. इतकी वर्षं ती या लोकांना उठवत आली होती. झोपलेलं असं कधी पाहिलंच नव्हतं. बघायची ते घड्याळ.

मग काय झालं ते तिला नंतर नीट सांगता आलं नाही. ती त्यांच्यामधून चालत राहिली. ऊन एका गठ्ठ्यावरून दुसऱ्या गठ्ठ्यावर गेलं. घड्याळ चालू होतं, काटा सरकताना तिला दिसत होता, पण तो आता दुसऱ्याच कोणाची तरी वेळ सांगत होता. बाहेरच्या रस्त्यावरचा आवाजही विरला. सगळं गाव, सगळी दुकानं, कचेऱ्या, दवाखान्यातले रोगी आणि डॉक्टर, सगळे असेच कुशीवर झाले असतील असं तिला वाटलं. खोलीच्या मधल्या खांबापाशी, जिथे तिचा नवरा इथे कामाला असताना झोपायचा, तिथे तो झोपला होता. तिला आश्चर्य वाटलं नाही. त्याच्या खांद्यावर चादर नव्हती, म्हणून तिने एक उचलून पसरली. चादर रिकाम्या गठ्ठ्यावर पडली, तरी तिला बरं वाटलं.

दारात मुकादम आला. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, यंत्रं बंद कशी म्हणून तणतणत आला होता. काकूने ओठांवर बोट ठेवलं. मुकादमाने उघडलेलं तोंड मिटलं, आणि कधी नव्हे तो चवड्यांवर आत आला.

"काय झालं?" तो कुजबुजला.

"झोपलेत," काकू म्हणाली. "बसा जरा."

मुकादम गठ्ठ्याला टेकून बसला, जरा वाट बघावी म्हणून. बघता बघता त्याची मान छातीवर आली. मुकादमांना संघटनेत घेत नाहीत, विश्रांतीही नसते. पण झोपेला ते कोण सांगणार?

चहाची वेळ आली आणि टळली. बाहेर गाड्या येऊन थांबल्या. शेवटी नवे साहेब आले, एका हातात वाजणारा फोन, दुसऱ्या हातात दुसरा वाजणारा फोन, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बुटांचा आवाज झाला.

"हे काय चाललंय?"

सगळे एकदम उठले. आक्का किंचाळली. पैलवानाचं डोकं खांबावर आपटलं. नवीला आपण कुठे आहोत ते कळेना आणि ती रडायलाच लागली. मुकादम असा ताठ उभा राहिला, जणू आताच आला आहे. आणि मधोमध काकू उभी होती, एक धुतलेली चादर हातात घेऊन.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला कचेरीत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काकू, तुम्ही मला आईसारख्या," ते म्हणाले. साहेब लोकांनी असं म्हटलं की आपण पदराची गाठ चाचपावी, हे काकूला कळत होतं. तिने गाठ चाचपली.

"दवाखान्यात दोन ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली, चादरी पोचल्या नाहीत म्हणून. मला कोणावर तरी कारवाई करणं भाग आहे. पण तुमचं वय बघता डोळा लागला असेल तर मी समजू शकतो. माणसाच्या हातात असतं का ते? चौकशीत तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की मला झोप लागली. तुमच्यावर काही नाही. निवृत्ती, खोली, सगळं जिथल्या तिथे."

"आणि विश्रांती?"

साहेबांनी हात पसरले. "करारातच आहे ना. उठवणाराच झोपत असेल तर ती व्यवस्था चुकली. व्यवस्था चुकली की विश्रांती बंद. मी नाही काकू, कागद म्हणतोय."

"आणि मी जागी असले तर?"

साहेब हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "मग व्यवस्था ठीकच म्हणायची. मग माणूस चुकला. पण मग त्या माणसाला काढावं लागेल, आणि तुम्हाला काढायची माझी मुळीच इच्छा नाही."

ते खरंच बोलत होते. काकूला काढून त्यांना काय मिळणार होतं?

सुटीच्या दिवशी काकू लेकीकडे जेवायला गेली. जावई विम्याच्या कचेरीत होता. भला माणूस, सासूला बाजारातून पिशवी उचलू द्यायचा नाही. फक्त संघटना म्हटलं की त्याच्या कपाळाची शीर उठायची.

"आई, जगात कुठे ऐकलंय का झोपण्याचा हक्क?" तो म्हणाला. "या लोकांनीच धंदे बुडवले. निवडणुकीत मी मत दिलं ते यांचे लाड बंद करतो म्हणणाऱ्यालाच. तुम्ही सरळ सांगून टाका डोळा लागला म्हणून. कोणाचं काय बिघडतंय?"

"उभ्याने काम करणाऱ्यांचं बिघडतं, जावईबापू."

"ते बघतील त्यांचं. आणि समजा खोली गेली, तरी आमचं घर आहे की. त्या लोकांच्या उपकारावर राहायचंच कशाला?"

घर होतं खरं. दिवाणखान्यात भिंतीला लावलेला एक घडीचा पलंग होता. सगळे आत गेले, टीव्ही बंद झाला की तो उघडायचा, आणि सकाळी कोणी उठायच्या आत मिटून भिंतीला लावायचा. काकूने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

भांडी विसळताना लेकीने हळूच विचारलं, "आई, तू खरंच झोपली होतीस?"

"नाही गं."

लेकीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "मग उठवलं का नाहीस?"

काकूने तिच्या हातातलं ताट घेऊन विसळलं. उत्तर तिला अजून सापडलं नव्हतं.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी वाळवणाच्या अंगणात संघटनेची सभा झाली. दोऱ्यांवर चादरी होत्या, आणि माणसं त्यांच्या मधून दिसत होती, अर्धी अर्धी; कुठे नुसते पाय, कुठे वारा आला की एक चेहरा. नगाऱ्याने घसा साफ केला आणि, काय आश्चर्य, हळू आवाजात बोलला.

"साहेबांना आपली विश्रांती काढून घ्यायची आहे. त्यांना काकू नकोय, अर्धा तास हवाय. काकू झोपली होती की नव्हती, मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. काकूने सांगावं डोळा लागला. विश्रांती गेली तर जाऊ दे, पुन्हा मिळवू. काकूची खोली गेली तर पुन्हा मिळणार नाही. ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा."

सगळ्यांत आधी नवीचा हात वर गेला. मग पैलवानाचा, मग आक्काचा. चादरींच्या वर, चादरींच्या आडून, एकेक करत सगळे हात वर झाले. ते हात काकू ओळखत होती. कोणता गालाखाली असतो, कोणता पोटावर, कोणता झोपेतही मूठ वळून असतो. इतक्या वर्षांत सभेत काकूने कधी हात वर केला नव्हता. आज तिच्यासाठी सगळ्यांनी केला होता, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मग ती भडकली.

"मला न विचारता मला वाचवणारे तुम्ही कोण रे?"

"संघटना, काकू," नगारा म्हणाला. "वर्गणी देता ना? मग."

"माझा विरोध आहे. लिही."

"लिहितो. एक विरोधात. ठराव मंजूर."

लोक हसले, काकू हसली नाही. ती खोलीवर आली आणि दिवा न लावता खिडकीशी बसली. बाहेर अंगणात चादरी अजून हलत होत्या. पलीकडे उबेच्या खोलीची जाळी दिसत होती. आपण इथे बसलेलो आहोत, निवृत्त, हात मोकळे, हे तिने डोळ्यांसमोर आणून पाहिलं. दुपार झाली आहे. जाळीतून रूळ चालल्याचा आवाज येतो आहे. नवी उभी आहे. बाळ झाल्यावरही नवी उभीच आहे. आक्का हवेशी बोलते आहे. रोजच्या रोज, ही खिडकी उघडी असेतोवर. खिडकी बंद करून घेता येईल म्हणा. पण मग खोलीत उरलं काय? एक वाकडी फळी.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले होते. त्यांना सर्दी झाली होती आणि हे लवकर आटपावं असं त्यांच्या नाकावर लिहिलेलं होतं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला काकू आणि संघटनेतर्फे नगारा. मुकादम साक्षीदार म्हणून भिंतीशी उभा होता.

"तर बाई, तुम्हाला झोप लागली," अधिकारी म्हणाले. त्यांनी पेन टेकवलंही होतं.

"नाही," काकू म्हणाली. "मी जागी होते. टक्क जागी."

पेन थांबलं. नगारा ताडकन उठला. "काकूंची तब्येत बरी नाही, त्यांना काय बोलावं ते—"

"नगाऱ्या, खाली बस." तो बसला. मालकांनी इतक्या वर्षांत हा चमत्कार पाहिला नव्हता.

"मला घड्याळ दिसत होतं," काकू म्हणाली. "वेळ झाली ते कळलं होतं. उठवायला पायापर्यंत गेलेसुद्धा. तुमच्या व्यवस्थेत काही चुकलं नाही साहेब. उठवणारी जागेवर होती आणि जागी होती. तिने उठवलं नाही, एवढंच."

साहेबांचा चेहरा उतरला. "काकू, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? खोली जाईल."

"कळतंय."

"मुकादम," साहेब वळले, "तुम्ही गेलात तेव्हा या झोपलेल्या होत्या ना?"

मुकादमाने बुटांकडे पाहिलं. मग छताकडे. मग, आपली नोकरी कुठे लटकते आहे ते बघावं तसं, पुन्हा बुटांकडे. "जाग्या होत्या," तो म्हणाला. "माझ्याशी बोलल्या. जरा बसा म्हणाल्या." पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही.

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं. पहिल्यांदाच त्यांनी काकूकडे नीट पाहिलं. "पण का? जाग्या होता तर उठवलं का नाही?"

काकूने थोडा विचार केला. इतके दिवस शोधत होती ते उत्तर इतकं साधं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"झोपले होते म्हणून," ती म्हणाली.

निकाल तिथल्या तिथे लागला. जाणूनबुजून कर्तव्यात कसूर, सबब आजची पाळी संपल्यापासून सेवा समाप्त; खोली महिन्यात रिकामी करावी. विश्रांतीच्या व्यवस्थेत दोष आढळला नाही, ती चालू राहील. दुसरं वाक्य लिहिताना अधिकारी सावकाश लिहीत होते, आणि साहेब खिडकीबाहेर बघत होते.

बाहेर आल्यावर नगारा वाट अडवून उभा राहिला. म्हणाला, "तुम्ही ठराव मोडलात, काकू."

"मोडला."

"आम्ही केस लढू. वर्षं लागली तरी लढू. खोली तुम्हाला परत—"

"लढा," काकू म्हणाली. "नक्की लढा. पण आता आडवा हो बघू. दुपार झालीय."

उबेच्या खोलीत सगळ्यांना आधीच कळलं होतं. आक्काने तिचा हात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही. पैलवान भिंतीकडे तोंड करून झोपला, म्हणजे रडताना दिसू नये. ड्रम थांबले, पाणी टपटपू लागलं, ऊन गठ्ठ्यांवर येऊन बसलं. काकू सवयीने स्टुलाकडे गेली. स्टुलावर नवी बसली होती.

"उठ गं, तू आडवी हो. या पायांनी जागल करणार आहेस?"

"आज मी," नवी म्हणाली. "मुकादमांनी पाय ठेवायला पाटी दिलीय. तुम्ही झोपा, काकू. पाळी संपेपर्यंत तुम्ही कामगार आहात. तुमचाही अर्धा तास आहे."

काकू वळली. खांबापाशी एक गठ्ठा रिकामा होता. ती त्यावर बसली, मग टेकली, मग पाय वर घेतले. चादरी कोमट होत्या. इतकी वर्षं घड्या घालूनही त्या पाठीला कशा लागतात हे तिला माहीत नव्हतं. नवी तिच्याशेजारी आली आणि अवघडत खाली बसली.

"कोणाला कसं उठवायचं ते सांगून ठेवा."

काकूने सांगितलं. पैलवानाचा अंगठा, आक्काचे केस, नगाऱ्याच्या कानातला ठराव. नवी ओठ हलवत पाठ करत होती.

"आणि तुम्हाला?"

"मला काय?"

"तुम्हाला कसं उठवायचं?"

काकू विचारात पडली. माहेरी ती थोरली, भावंडांच्या आधी उठायची. सासरी सगळ्यांच्या आधी. नवऱ्याच्या आधी, लेकीच्या आधी, धुलाईघराच्या आधी. तिला कोणी कधी उठवलंच नव्हतं.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "हाक मारून बघ."

"काकू म्हणून?"

"नको. काकू म्हटलं की मी कामाला लागेन."

तिने नवीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात आपलं नाव सांगितलं. धुलाईघरात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही ते मोठ्याने ऐकून फार दिवस झाले होते. नवीने ते एकदा हळूच म्हणून पाहिलं.

"हो," काकू म्हणाली, आणि डोळे मिटले.